फ्रेंचच्या ओरलला मार्क नेमके कशाचे असतात?

उकडीचे_मोदक

नमस्कार मंडळी. इथे फ्रेंच शिकलेले, शिकवणारे बरेच जण दिसतात म्हणून विचारायचं धाडस करतेय. पोस्ट लांबलीये, सांभाळून घ्या.

अकरावी-बारावीला मी फ्रेंच घेतलं होतं. पुण्यात निम्मी पोरं ज्या कारणासाठी घेतात त्याचसाठी: स्कोअरिंग. बारावीला ९४ पडले. आई अजून लग्नकार्यात लोकांना सांगते. त्या मार्कांवर डिप्लोमाला थेट प्रवेश मिळाला (कॉलेजचं नाव मुद्दाम घेत नाही).

आता सत्रान्त परीक्षेचा निकाल लागलाय. लेखी ५० पैकी ४१. ऐकून उत्तरं लिहायचा पेपर २५ पैकी १४. आणि ओरल २५ पैकी ९. नऊ! प्रत्येक भागात चाळीस टक्के लागतात, म्हणजे एका मार्कासाठी ओरल परत द्यायची.

झालं असं. बाहेर बाकावर बसवलं, चिठ्ठी उचलायला सांगितली, दहा मिनिटं आणि एक कोरा कागद दिला. चिठ्ठीत होतं: मैत्रिणीने शनिवारी जेवायला बोलावलंय, तुम्हाला जमणार नाही, तिला फोन करा, कारण सांगा, दुसरा दिवस ठरवा. मी दहा मिनिटांत अख्खं पान भरलं. पासे काँपोझे, आँपार्फे हे दोन भूतकाळ, एक सुब्जाँक्तिफसुद्धा (क्रियापदाचं अवघड रूप) बसवला. आत गेले आणि वाचायला सुरुवात केली. दोन-तीन वाक्यं झाली असतील, मॅडमनी कागद पालथा ठेवायला सांगितला आणि एकदम मैत्रीणच झाल्या. काहीतरी विचारलं. मी म्हटलं, ‘वुई’ (हो). त्यांनी परत काहीतरी विचारलं. मी परत ‘वुई’. बाहेर आल्यावर कळलं की पहिला प्रश्न ‘का गं, का नाही येणार?’ असा होता आणि दुसरा ‘बरं मग कधी येतेस?’ असा.

माझ्या मागच्या नंबरची मुलगी ‘ल’ आणि ‘ला’मध्ये (पुल्लिंगी-स्त्रीलिंगी नामाआधी लागणारे शब्द) आजही गोंधळ घालते. लेखीत तिला २८ आहेत. ओरलला १८!

तर प्रश्न असे. ओरलचे मार्क कशावर देतात, का परीक्षकांना वाटेल तसे? रिव्हॅल टाकता येतं का? आणि परत द्यायची तर तयारी कशाची करू? व्याकरण तर येतंय मला.

---

कोथरूडकर_काका

ओरल म्हणजे परीक्षकाचा मूड. आमच्या वेळी जर्मनला हेच होतं. सकाळच्या स्लॉटवाल्यांना भरभरून, जेवणानंतरच्यांना आखडता हात. लेखीत काय ते पांढऱ्यावर काळं असतं. तोंडी परीक्षेत दाद ना फिर्याद. मन लावून घेऊ नका, पुढच्या वेळी सकाळचा नंबर मागून घ्या.

---

निवृत्त_मास्तरीण

मोदक, तुझी पोस्ट वाचून हसू आलं आणि कळवळाही आला. मी या शहरात सर्टिफिकेट आणि डिप्लोमाच्या वर्गांना बरीच वर्षं फ्रेंच शिकवलंय, आणि ओरलच्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवरही पुष्कळ बसलेय. तेव्हा टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं ते सांगते.

आधी कोथरूडकरांना. अहो, दुपारी दीड वाजता परीक्षक पेंगतात हे खरंय, मी नाही म्हणणार नाही. पण त्याच्यावरच उपाय म्हणून समोर एक छापील तक्ता असतो. चांगल्या ठिकाणी परीक्षकही दोन असतात: एक बोलतो, दुसरा मान खाली घालून टिपत असतो. विद्यार्थी बाहेर गेला आणि पुढचा आत यायचाय एवढ्या वेळात दोघं आकडे जुळवतात. त्या तक्त्यात ‘मूड’ नावाचा रकाना नाही. आणि मोदकला पडलेले नऊ मला तरी चुकीचे वाटत नाहीत, तिला राग येईल पण.

हा तक्ता कुठून आला ते सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची परदेशी लोकांसाठी डेल्फ नावाची परीक्षा आहे, १९८५ पासूनची. युरोपच्या कौन्सिलने २००१ मध्ये भाषांच्या ए-बी-सी अशा सहा पायऱ्या ठरवल्या, ए१ पासून सी२ पर्यंत, आणि २००५ मध्ये डेल्फ त्या पायऱ्यांवर बसवली. पटवर्धन बागेतल्या आलियाँस फ्राँसेजमध्ये जे देतात ते हेच. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ मार्क. शंभरात ५० ला पास, पण एखाद्या भागात पाचाच्या खाली गेलात तर बाकी तिन्हींत पंचवीसच्या पंचवीस असले तरी नापास. आपल्याकडचे विद्यापीठाचे, कॉलेजांचे अभ्यासक्रम वेगळे, त्यांचे नियम वेगळे, इंटर्नलचं प्रमाण वेगळं. पण शिकवणारे आम्हीच, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांनी डेल्फ तपासायचं प्रशिक्षण घेतलेलं. त्यामुळे तोंडी परीक्षेचा तक्ता बहुतेक ठिकाणी तोच, थोडा इकडेतिकडे केलेला.

आम्ही डिप्लोमाच्या पहिल्या सत्राला जो वापरायचो त्यात २५ पैकी १५ मार्क कामाचे होते आणि १० भाषेचे. काम म्हणजे चिठ्ठीत जे करायला सांगितलंय ते झालं का. भाषेच्या दहात शब्द, व्याकरण आणि उच्चार असे तीन वाटेकरी. व्याकरणाच्या वाट्याला चार. फक्त चार, मोदक. तुझी सगळी शिदोरी त्या चारात होती.

आता तुझी चिठ्ठी घे. परीक्षक पेन्सिलीने काय बघत असेल? फोनवर नीट सुरुवात केली का. बोलावल्याबद्दल काही बरं बोलली का. येत नाही हे सांगितलं का. कारण दिलं का. दुसरा दिवस सुचवला का. समोरची म्हणाली ‘रविवारी मला जमत नाही’, तर त्यावर काही तोडगा काढला का. शेवटी फोन ठेवला का नीट. तू कागद वाचत होतीस तोवर यातलं एखाद-दुसरं झालं असेल. पण वाचलेलं बोललेलं म्हणून धरत नाहीत. म्हणूनच कागद पालथा करायला लावला. तो दहा मिनिटांचा कागद मुद्दे टिपायला असतो, निबंध लिहायला नाही. मग आले दोन प्रश्न आणि तुझे दोन ‘वुई’. ‘कधी येतेस?’ याला ‘हो’ म्हटल्यावर परीक्षकाने पेन्सिल कुठे टेकवायची?

तुझ्या मागच्या मुलीने बहुतेक ‘ल’च्या जागी ‘ला’ म्हणत, अडखळत, हातवारे करत तो दिवस ठरवून टाकला असणार. पंधरातले बारा तिथेच. व्याकरणाचे दोन गेले तर गेले.

आणि एक. न समजल्यावर ‘परत सांगता का’ म्हणायला ए१, ए२ पातळीवर मार्क कापत नाहीत. उलट या पायऱ्यांचं जे वर्णन केलंय त्यातच गृहीत धरलंय की समोरचा सावकाश बोलेल, मदत करेल. ‘पारदाँ? तु प रेपेते?’ (माफ कर, परत सांगतेस?) एवढं म्हणाली असतीस तर मॅडमनी आनंदाने परत विचारलं असतं. आपल्या मुलांना मात्र वाटतं, विचारलं म्हणजे अज्ञान उघडं पडलं. वर्गात शंका न विचारायची सवय पहिलीपासूनची, ती फ्रेंचला कशी सुटणार!

तुझ्या ९४ मार्कांबद्दल चार शब्द, आईंना वाचून दाखवू नकोस. ज्युनिअर कॉलेजचं फ्रेंच मी शिकवलंय. उताऱ्यातलं वाक्य उचलून उत्तरात ठेवायचं, गाळलेल्या जागा भरायच्या, वाक्याचा काळ बदलायचा, इंग्रजीत भाषांतर करायचं. मुलं त्यात तरबेज होतात, अप्पा बळवंत चौकातल्या गाइडांचीही मदत असते. त्यात खोटं काही नाही. पण तिथे तुझी परीक्षा झाली ती फ्रेंचच्या *नियमांची*. फ्रेंच ऐकून त्याला उत्तर द्यायची वेळ जवळजवळ आलीच नाही. ऐकण्याच्या पेपरातले १४ हेच सांगतात. माझ्या अनुभवात या मुलांचा आजार एकच असतो: शब्द कागदावर दिसला की ओळखतात, कानावर पडला की ओळखत नाहीत. कारण मनातल्या मनात सगळी अक्षरं वाचत आलेली असतात. ‘ते बोलतात’ हे वाक्य यांच्या डोक्यात ‘इल पार्लेंत’ असं असतं, आणि रेकॉर्डिंगमधली बाई म्हणते ‘इल पार्ल’. कसं सापडणार? त्यात ती बाई घाईत असली तर ‘ज न से पा’चं (मला माहीत नाही) नुसतं ‘शेपा’ होतं.

रिव्हॅलचं: लेखीची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकन मागता येतं. ओरलला ते नसतं. तपासायला मागे उरतं काय? पण विभागात जाऊन, आवाज न चढवता, ‘कुठल्या रकान्यात किती मिळाले ते बघायला मिळेल का’ असं विचार. बरेच शिक्षक सांगतात. नाही सांगितलं तर माझा अंदाज घे: काम ४, भाषा ५.

तयारीचं नंतर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

---

उकडीचे_मोदक

मॅडम 🙏 राग नाही आला. थोडा आला. पण ‘कुठल्या रकान्यात किती’ हे आज विचारून आले. काम ३, भाषा ६! तुम्ही जवळपास नेम धरलात.

त्या मॅडमनी आणखी एक सांगितलं. माझं फ्रेंच ‘चांगलं, पण कुणाशी बोललेलं नाही’ असं त्या म्हणाल्या. बसमध्ये घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

एक शंका. चिठ्ठीत मैत्रीण होती म्हणून ‘तु’ (तू) म्हणायचं. पण समोर बसलेल्या तर मॅडम! मी घाबरून ‘व्हू’ (तुम्ही) म्हणत होते. त्याचेही गेले असतील का?

---

निवृत्त_मास्तरीण

गेले असतील, अर्धा-एक. चिठ्ठीत शिरलीस की मॅडम नाहीतच तिथे, मैत्रीण आहे. उलटंही होतं. चिठ्ठीत दुकानदार किंवा घरमालक असतो आणि पोरं बिनधास्त ‘तु’ म्हणतात. ते जास्त खटकतं. मराठी मुलांना हे खरं तर शिकवावं लागू नये, दूधवाल्याला आणि मामेबहिणीला आपण सारखं बोलतो का? पण परीक्षेच्या खोलीत शिरल्यावर आपली ही अक्कल बाहेर बाकावरच राहते.

---

ल्योंहून_लिहितोय

मास्तरीणबाईंनी मूळ मुद्दा सांगितलाच आहे. मी पुण्यात तीन पायऱ्या करून इकडे फ्रान्समध्ये मास्टर्सला आलो, तर इकडची परीक्षा कशी असते ते जोडतो. मोदकच्या जखमेवर थोडी फुंकर.

इथे सगळं वीसपैकी. दहाला पास. बाराला ‘आसे बियाँ’ (बऱ्यापैकी), चौदाला ‘बियाँ’ (चांगलं), सोळाला ‘त्रे बियाँ’ (फार चांगलं), आणि त्याच्या वर कुणी गेलं तर वर्गात माना वळतात. वीसपैकी वीस फक्त देवाला, असं इथले लोक म्हणतात. मला पहिल्या निबंधाला १२ पडले. पुण्याच्या हिशोबाने साठ टक्के, म्हणजे तोंड लपवायची वेळ. मी घरी फोनवर सांगितलंच नाही. आणि इकडे बाई पेपर देताना म्हणाल्या, छान लिहिलंयस. मला वाटलं टोमणा मारतायत.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठातच फ्रेंचचा कोर्स असतो, तो मी दोन सत्रं केला. तिथे शेवटी एक मोठा पेपर असं नव्हतं, ‘काँत्रोल काँतिन्यू’ होतं. म्हणजे वर्षभर सुटे सुटे तुकडे: एक वर्गात लिहायचा मजकूर, एक ऐकण्याची चाचणी, एक एक्स्पोझे (वर्गासमोर विषय मांडणं), एक गटाने करायचं काम. न सांगता दांडी मारली त्या दिवशी चाचणी असेल तर नावापुढे ‘आबेई’ असं लागतं, विनाकारण गैरहजर, आणि तिथेच गाडी अडकते. डॉक्टरची चिठ्ठी लागते. ‘बाप्पांचं विसर्जन होतं’ चालत नाही, मी विचारून बघितलंय. नापास झालात तर दुसरी संधी असते, तिला लोक ‘रात्रापाज’ म्हणतात. इथे त्याचा कुणाला कमीपणा वाटत नाही. मोदक, तुझी रात्रापाज आहे समज.

एक्स्पोझेला मीही स्लाइडवर लिहिलेलं वाचून दाखवणाऱ्यांपैकी होतो. पहिल्याच वेळी बाईंनी प्रोजेक्टर बंद केला. मोदकच्या मॅडमनी कागद पालथा केला, ते सौम्यच म्हणायचं.

---

पीआर_कधी_मिळणार

विषयांतराबद्दल माफी. मी हिंजवडीत नोकरी करतो. कॅनडाच्या पीआरसाठी (कायम राहायच्या परवान्यासाठी) फ्रेंचचे जादा पॉइंट मिळतात म्हणून वीकेंडला विद्यापीठाचा डिप्लोमा करावा का? रानडेमध्ये (विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात) चौकशी करणार आहे. तो डिप्लोमा चालतो का?

---

ल्योंहून_लिहितोय

शिकायला चालतो, पॉइंटला नाही. एक्स्प्रेस एंट्रीला (ती पॉइंटवाली पीआरची योजना) टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा या दोनच परीक्षा धरतात. डेल्फसुद्धा नाही. वाचणं-लिहिणं-बोलणं-ऐकणं चारही भागांत त्यांच्या मोजपट्टीची सातवी पातळी लागते, तेव्हा जादा पॉइंट. इंग्रजी बरं असेल तर ५०, अगदीच बेताचं असेल तर २५. निकाल दोन वर्षंच ग्राह्य, त्यामुळे घाईने देऊ नका. डेल्फचं प्रमाणपत्र मात्र जन्मभराचं. चारही भागांत सात, हे लक्षात ठेवा. तीनात नऊ आणि बोलण्यात पाच असेल तर शून्य. मोदकची पोस्ट तुम्हालाही लागू आहे.

---

कोथरूडकर_काका

म्हणजे लेखीला काही किंमतच नाही राहिली. आम्ही डिक्टेशन लिहायचो, बाई चुकीला अर्धा मार्क कापायच्या, शुद्धलेखन पक्कं झालं. आता हातवारे केले की पंधरातले बारा. चालू द्या.

---

निवृत्त_मास्तरीण

कोथरूडकर, तुमची तक्रार अगदीच निराधार नाही. डिक्टेशन मला आवडतं आणि मी ते शेवटपर्यंत घेतलं. डेल्फमध्ये ते नाही, पण विद्यापीठाच्या आणि कॉलेजांच्या वर्गांत अजून दहा मार्कांचं असतं कुठे कुठे. असावंच. ‘लहान मुली पोचल्या’ हे एवढंसं वाक्य फ्रेंचमध्ये लिहायचं तर बहुवचनाचा एस चार ठिकाणी लावावा लागतो आणि त्यातला एकही ऐकू येत नाही. ज्याला तो ऐकू न येणारा एस लिहिता येतो त्याला व्याकरण खरं कळलंय. गाळलेल्या जागेत तो एस लावणं सोपं, कारण तिथे गाळलेली जागाच सांगते की इथे काहीतरी आहे. डिक्टेशनमध्ये कुणी सांगत नाही.

लेखीची किंमतही कमी झालेली नाही. तिथेही फक्त तक्ता बदललाय. ए२ला साठ-साठ शब्दांचे दोन मजकूर, बी१ला एकशेसाठ, बी२ला अडीचशे, आणि तिथेही पहिला रकाना हाच: सांगितलं होतं ते लिहिलंय का. ‘आभाराचं पत्र लिहा’ म्हटल्यावर सुट्टीचं वर्णन लिहून आणलं तर ते कितीही शुद्ध असो, पेन थबकतोच. (शब्द मोजायची त्यांची रीत मजेची आहे: दोन मोकळ्या जागांच्या मध्ये जे असेल तो एक शब्द. अपॉस्ट्रॉफीने चिकटलेले दोन असले तरी एकच. पोरं दोन मोजतात आणि मग साठाचे पन्नास निघतात.)

जे खरंच बदललंय ते घरून लिहून आणायचं काम. पूर्वी इंटर्नलला मी दर पंधरवड्याला एक पत्र घरून लिहून आणायला सांगायची. शेवटच्या काही वर्षांत पत्रं फार सुंदर यायला लागली. ए२च्या मुलाच्या पत्रात एकामागून एक ‘तूतफ्वा’ (तथापि), ‘पार काँसेकाँ’ (परिणामी), अल्पविराम जिथल्या तिथे. वर्गात त्याच मुलाला विचारलं, काल काय केलंस, तर गप्प. आधी गूगल ट्रान्सलेट, मग डीपएल, आता चॅटजीपीटी. भांडण्यात अर्थ नव्हता. मी ते मार्क वर्गात, मोबाइल बॅगेत, पंचवीस मिनिटांत लिहायच्या मजकुराकडे वळवले. घरचं पत्र आणा, हवं तर, पण त्यावर मी दोन प्रश्न तोंडी विचारणार आणि मार्क त्या उत्तरांना. आठवडाभरात पत्रं परत वेडीवाकडी व्हायला लागली, आणि मला फार बरं वाटलं.

आता मोदकची तयारी. व्याकरणाची वही बंद. रोज एक चिठ्ठी स्वतःच लिही: दुकानात वस्तू परत करायचीय, डॉक्टरची वेळ बदलायचीय, शेजारणीला आवाज कमी करायला सांगायचंय. दहा मिनिटं घड्याळ लाव. कागदावर फक्त सुटे शब्द लिहायचे, एकही पूर्ण वाक्य नाही. मग कुणालातरी समोर बसव. फ्रेंच येत नसलं तरी चालेल, त्याने फक्त मधेमधे ‘का?’, ‘कधी?’, ‘नाही, नको’ एवढंच म्हणायचं, मराठीत म्हटलं तरी चालेल. तू मात्र फ्रेंचमध्येच उत्तर द्यायचं. आईंना बसव. ९४ मार्कांचं त्यांनी खूप सांगितलंय, आता जरा कामाला लागू दे.

---

उकडीचे_मोदक

आईला बसवलं! ती इतक्यांदा ‘का?’ म्हणाली की शेवटी मी मराठीत भांडले. पण चौथ्या-पाचव्या वेळी जमलं. तीच जुनी चिठ्ठी घेतली होती. फोनवर रेकॉर्ड करून, जसं बोलले तसं इथे उतरवलंय. मार्क द्या ना, मॅडम.

‘आलो, सई? से म्वा. एकूत, समदी ज न प पा व्नीर. मा ग्राँ-मेर ए मालाद.’ (आई: का?) ‘एल आ... अं... एल आ द ला फिएव्र.’ (आई: मग कधी?) ‘दिमाँश, तु ए लिब्र?’ (आई: नाही.) ‘आ. लँदी? लँदी स्वार?’ (आई: बरं.) ‘सुपेर! आ लँदी!’ (म्हणजे: सई, मी बोलतेय. ऐक, शनिवारी मला यायला जमत नाही, आजी आजारी आहे. तिला ताप आहे. रविवारी मोकळी आहेस? अच्छा. सोमवारी? सोमवारी संध्याकाळी? मस्त, सोमवारी भेटू!)

---

निवृत्त_मास्तरीण

पेन्सिल घेतली.

फोनची सुरुवात, झाली. नकार, झाला. कारण, झालं, आणि ‘का’ म्हटल्यावर त्यात तापाची भर घातलीस, हे फार चांगलं. दुसरा दिवस सुचवला, तो फेटाळल्यावर तिसरा काढलास. मला इथे सर्वांत जास्त आवडलं ते ‘आ. लँदी?’ हे दोन शब्द. त्यात क्रियापद नाही, काळ नाही, तुझा सुब्जाँक्तिफ तर नाहीच नाही. पण समोरचीचं ऐकून तू तिथल्या तिथे वळलीस. ‘अं’ म्हणून थांबलीस त्याचं काही कापणार नाही, ती अडखळ फ्रेंच माणसालाही असते.

राहिलं काय? तिने जेवायला बोलावलं त्याबद्दल ‘मेर्सी’ (आभार) नाही, आणि येता येत नाही याबद्दल ‘देझोले’ (माफ कर) नाही. एकदम ‘एकूत, शनिवारी जमत नाही’. सदाशिव पेठेत खपेल, चिठ्ठीत एक मार्क जाईल. वेळ ठरवली नाहीस, सोमवारी संध्याकाळी म्हणजे किती वाजता? तिने विचारायच्या आत तूच विचार, तुझ्याकडून एक प्रश्न जास्त गेला तर परीक्षकाला बरं वाटतं.

काम १५ पैकी ११. भाषा १० पैकी ७, उच्चार ऐकला नाही म्हणून हात राखून. झाले १८.

आणि परीक्षेत आजीला आजारी पाडू नकोस. त्या एका सकाळी परीक्षकांनी डझनभर आज्या तापाने फणफणलेल्या ऐकलेल्या असतात. नळाला पाणी नाही सांग, प्लंबर यायचाय सांग. प्लंबरला ‘प्लाँबिए’ म्हणतात.